श्वास रोखायला लावणारी शाळा

‘डिटेन्शन’ हा भयकोड्यांचा गेम तैवानच्या रेड कँडल गेम्स या छोट्या स्टुडिओने २०१७ साली संगणकासाठी आणला आणि पुढे तो मोबाइलवरही आला. काळ १९६०च्या दशकातला, जागा डोंगरातली एक शाळा. वेई नावाचा विद्यार्थी वर्गात झोपतो आणि जागा होतो, तेव्हा वादळाच्या इशाऱ्यामुळे शाळेत चिटपाखरूही उरलेलं नसतं. सभागृहात त्याला रे ही वरच्या वर्गातली मुलगी भेटते. दोघं निघायला बघतात, पण बाहेर जायची वाटच बंद झालेली असते. थोड्याच वेळात खेळाची सूत्रं रेच्या हाती जातात आणि ओळखीची शाळा झपाटलेली होते.

खेळायची रीत सोपी आहे. पात्राला डावी-उजवीकडे न्यायचं, सापडेल ती वस्तू उचलायची आणि योग्य जागी वापरायची. कोडी एकमेकांत गुंतलेली असतात. इथल्या कुलपाची किल्ली तिथल्या खोलीत असते आणि तिचा माग एखाद्या चिठ्ठीत लागतो. रेच्या घराच्या भागात एक रेडिओ आहे. त्याचं स्टेशन बदललं की तीच खोली वेगळ्या काळातली होते. एका काळात सापडलेली खूण दुसऱ्या काळात उपयोगी पडते. अशी जुळवाजुळव करता करता त्या घरात काय बिनसलं होतं, हे खेळणाऱ्याला आपोआप कळत जातं.

मग येतात भुतं. रेकडे हत्यार नाही. भूत समोर आलं की श्वास रोखायचा आणि त्याच्या शेजारून हळूहळू पुढे सरकायचं. श्वास फार वेळ रोखता येत नाही, त्यामुळे किती अंतर उरलंय याचा अंदाज घेऊनच निघावं लागतं. दुसरा उपाय म्हणजे नैवेद्य. आपल्याकडे दहाव्याला पिंड ठेवतात, तसा तिकडे मृताच्या पायाशी भाताचा वाडगा ठेवतात. तो जमिनीवर ठेवला की भूत त्यात गुंततं.

श्वास रोखण्यामागे इतिहास आहे. तैवानात १९४९ ते १९८७ अशी ३८ वर्षं लष्करी कायदा होता. बंदी घातलेलं पुस्तक जवळ सापडलं तरी तुरुंगवास घडे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची खबर देणं हे कर्तव्य मानलं जाई. खेळातल्या शाळेतही अशी पुस्तकं चोरून वाचणारा एक गट आहे. जीव वाचवायचा तर आवाज करायचा नाही, हा त्या काळाचा नियम इथे खेळणाऱ्याला स्वतः पाळावा लागतो. भीती अंगावर येते ती त्यामुळे.

खेळताना हेडफोन लावावेत, कारण पावलांचे आणि श्वासाचे आवाज हीच इथली सूचना असते. चिठ्ठ्या शांतपणे वाचाव्यात. हिंसा आणि आत्महत्येचे प्रसंग असल्याने हा गेम लहान मुलांच्या हाती देऊ नये. खेळाला दोन शेवट आहेत. अखेरच्या भागात रेला तिच्याच भूतकाळाबद्दल प्रश्न विचारले जातात. त्यांची टाळाटाळ केली तर एक शेवट मिळतो, खरं कबूल केलं तर दुसरा. इतकी कुलपं उघडल्यानंतर खेळणाऱ्यापुढे राहिलेलं सगळ्यात अवघड कोडं तेच असतं.