साक्षीला बगळ्याचं पिल्लू

ठाण्याच्या खाडीतल्या प्रदूषणाचा विषय निघाला की लोक आधी फ्लेमिंगोंबद्दल विचारतात. साहजिकच आहे. थवे मोठे, रंग गुलाबी, शिवाय २०१५ साली जाहीर झालेलं इथलं अभयारण्यही त्यांच्याच नावाचं. खाडीच्या पूर्वेला ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने १९६०च्या दशकापासून उभे आहेत. मग फ्लेमिंगोच्या अंगात शिसं किती, हा प्रश्न येणारच. ज्या संशोधक ताईंबरोबर मी हिंडलो, त्यांना मात्र गुलाबी पिसात फारसा रस नव्हता.

कारण पिसाच्या घडणीत आहे. पीस वाढत असतं तेवढे काही आठवडेच त्याला रक्त पोचतं. रक्तातला धातू तेव्हा पिसातल्या केराटिन या प्रथिनातल्या गंधकाला चिकटतो. वाढ संपली की रक्तवाहिनी सुकते आणि आतला हिशेब बंद होतो. म्हणजे पीस बोलतं ते त्याच आठवड्यांबद्दल. फ्लेमिंगो गुजरात आणि मुंबईच्या दरम्यान ये-जा करणारा पक्षी. त्याचं गळालेलं पीस खाडीकाठी ऐरोलीच्या चिखलात सापडलं, तरी ते कच्छमध्ये उगवलेलं असू शकतं.

बगळ्याच्या पिल्लाची गोष्ट वेगळी. ते अजून उडालेलंच नसतं. त्याची पिसं घरट्यातच उगवतात, आणि तीही आईबापांनी आसपासच्या पाण्यातून आणलेल्या मासळीवर.

वीण पावसाळ्यातली. त्यामुळे काम चिखलात आणि दुर्गंधीत. बगळे आणि रातबगळे यांची वसाहत असलेल्या झाडाखाली पाऊस नसतानाही छत्री लागते. मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी खिशात, शिडी झाडाला. पिल्लू हातात घेतलं की ते पोटातलं सगळं ओकतं. मी मागे सरकलो. ताईंनी पिशवी पुढे धरली. अर्धवट पचलेला मासाही नमुनाच. छातीची थोडी पिसं घ्यायची, उडायच्या पिसांना हात लावायचा नाही, आणि पिल्लू लगेच परत घरट्यात. पिसं कागदी पाकिटात. प्लॅस्टिकमध्ये या हवेत बुरशी धरते.

प्रयोगशाळेतला खरा वाद धुण्यावर असतो. पिसावर हवेतली धूळ बसते, आणि कारखान्याजवळच्या धुळीत शिसं असतंच. कमी धुतलं तर आकडा धुळीचा येतो. म्हणून आधी शुद्ध पाणी, मग अ‍ॅसिटोन, पुन्हा पाणी, असे फेरे. तरी सगळी धूळ निघाली याची खात्री कोणी देत नाही. पारा त्या मानाने सरळ: तो बहुतांशी रक्तातूनच येतो. मग वाळवणं, वजन, नायट्रिक आम्ल. गरम केल्यावर पीस विरघळून नितळ द्रव उरतो. प्रत्येक खेपेला पीस न घातलेली एक नळीही सोबत जाते, कारण धातू आम्लात किंवा काचेतही असू शकतो.

शेवटी आकडा येतो: ग्रॅममागे इतके मायक्रोग्रॅम. पिसातल्या शिशासाठी ४ ही धोक्याची खूण सर्रास वापरतात. ती मुख्यतः अमेरिकेत हेरिंग गल या पक्ष्याच्या पिल्लांवर झालेल्या प्रयोगांतून आली. शिसं दिलेली पिल्लं अडखळत, तोल सांभाळू शकत नसत. गलची फूटपट्टी बगळ्याला जशीच्या तशी लावणं मला पटत नाही. त्यापेक्षा एकाच वसाहतीचे दरवर्षीचे आकडे शेजारी ठेवावेत. अशाच तुलनेसाठी स्वीडनमध्ये संशोधकांनी संग्रहालयातली शंभर वर्षांची पिसं तपासली आणि १९६६ साली निष्कर्ष छापले. गॉसहॉक या शिकारी पक्ष्याच्या पिसांतला पारा १९४०च्या दशकात अचानक वाढलेला दिसला. पेरणीच्या बियाण्याला चोळायच्या पारायुक्त औषधाचा तो परिणाम होता.

पिसाची एक बाजू मात्र ताईंना स्वस्थ बसू देत नाही. शरीरातला बराचसा पारा पिसांत जातो, म्हणजे वाढत्या पिल्लाला पिसं एका अर्थी वाचवतात. पिसं पुरती झाली की ही वाट बंद होते आणि रक्तातला पारा चढू लागतो. नेमकं तेव्हाच पिल्लू स्वतः मासे धरायला लागतं. त्या आठवड्यांबद्दल पिल्लाच्या छातीवरचं पीस काहीच सांगत नाही. त्यासाठी रक्त घ्यावं लागेल, आणि त्याची परवानगी वेगळी; तो अर्ज त्यांनी केला आहे.