पुलावर थांबायचं नाही
रस्ता चालणाऱ्यांचा : लेखांक ७

सिग्नलचा हिरवा दिवा चालणाऱ्याच्या वाट्याला किती सेकंद देतो, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज सिग्नलची वाटच पाहावी लागू नये म्हणून बांधलेल्या पुलांकडे वळू. त्यासाठी अमेरिकेतल्या लास व्हेगासला जायला हवं. गजबजलेल्या रस्त्यावरच्या पादचारी पुलाचे गुण आणि दोष तिथे एकाच रस्त्यावर दिसतात.

आधी थोडा हिशोब. अवजड वाहन सुखरूप खालून जायचं तर पुलाखाली साधारण साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवावी लागते. त्यात पुलाची जाडी मिळवा. पायी माणसाला सहा मीटरच्या आसपास चढायचं आणि तेवढंच उतरायचं असतं. पंधरा सेंटिमीटरची पायरी धरली तर चाळीस वर, चाळीस खाली. खालची गाडी मात्र आपल्या पातळीवरून सरळ निघून जाते. रस्त्यावरची गर्दी सोडवण्याचे सगळे कष्ट अशा रीतीने पायी चालणाऱ्याच्या गुडघ्यांवर येतात. पादचारी पुलाबद्दलचा प्रत्येक वाद इथूनच सुरू होतो.

लास व्हेगासला वर्षाला सुमारे चार कोटी पाहुणे येतात. त्यांतले बहुतेक ज्या रस्त्यावर फिरतात तो म्हणजे ‘स्ट्रिप’, लास व्हेगास बुलेवार्डचा जेमतेम सात किलोमीटरांचा पट्टा. गंमत अशी की हा पट्टा बहुतांशी लास व्हेगास शहराच्या हद्दीत नाहीच. तो पॅराडाइज नावाच्या वस्तीत येतो आणि तिथला कारभार क्लार्क काउंटी पाहते. ट्रॉपिकाना अव्हेन्यू या रस्त्याला जिथे छेदतो, त्या चौकाच्या चारी कोपऱ्यांवर प्रचंड हॉटेलं उभी राहिली. एकट्या ‘एमजीएम ग्रँड’मध्ये, 1993 साली ते सुरू झालं तेव्हा, पाच हजारांहून जास्त खोल्या होत्या. अनेक लेनचे रस्ते, वळणाऱ्या मोटारी आणि मधोमध हजारो माणसं. 1990च्या दशकाच्या मध्यावर या चौकावर चारी बाजूंनी पादचारी पूल आले आणि खालून रस्ता ओलांडणं बंद झालं. पुढे फ्लेमिंगो आणि स्प्रिंग माउंटनच्या चौकांतही पूल झाले.

इथे या पुलांचं श्रेय मोकळेपणाने द्यायला हवं. माणूस आणि मोटार यांची गाठच पडत नाही, तेव्हा धडकही होत नाही. सरकते जिने आणि लिफ्ट दिल्यामुळे चाळीस पायऱ्यांचा जाच कमी झाला. शिवाय पुलावरून रस्ता दिसतो तसा खालून दिसत नाही. रात्री दिव्यांनी उजळलेली स्ट्रिप पाहायला लोक पुलावर आपोआप रेंगाळतात.

पण सरकता जिना उघड्या वाळवंटात चालवणं सोपं नाही. धूळ, ऊन आणि रात्रंदिवस वर्दळ. 7 जुलै 2024ला लास व्हेगासमध्ये पारा 48.9 अंशांवर गेला, तो तिथला आजवरचा उच्चांक. अशा हवेत यंत्र बंद पडलं की चाकाच्या खुर्चीतला माणूस, बाळाची गाडी ढकलणारी आई, आजीआजोबा सगळे अडकतात, कारण खाली झेब्रा क्रॉसिंग उरलेलंच नसतं. ट्रॉपिकानाच्या पुलांवरचे जुने सरकते जिने अखेर काउंटीला बदलावे लागले. आणि पूल उतरतो तो अनेक ठिकाणी थेट कसिनोच्या दाराशी. समोर जायला निघालेला माणूस वाटेत दुकानांच्या आणि जुगाराच्या टेबलांच्या तोंडी जातो.

खरा प्रश्न मात्र 2024च्या जानेवारीत उभा राहिला. क्लार्क काउंटीने नियम केला की या पुलांवर आणि त्यांच्या जिन्या-लिफ्टजवळच्या जागेत कुणी थांबायचं नाही, दुसऱ्यांना थांबायला लावायचं नाही. लिफ्टच्या रांगेत उभं राहणं चालेल. मोडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा हजार डॉलरपर्यंत दंड. कारण दिलं गेलं सुरक्षिततेचं: अरुंद पुलावर गर्दी तुंबली की चेंगराचेंगरीची आणि गुन्ह्यांची भीती. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या नेवाडा शाखेने त्याविरुद्ध केंद्रीय न्यायालयात धाव घेतली.

गर्दीची भीती खोटी म्हणता येत नाही. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलाच्या जिन्यावर 29 सप्टेंबर 2017ला चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही. तरीही हा नियम मला साफ चुकीचा वाटतो. पूल अरुंद असेल तर तो रुंद करा, जिने वाढवा, दाटीच्या वेळी माणसं नेमा. रस्त्यावरून माणसाला उचलून पुलावर तुम्हीच नेलंत. आता तोच त्याचा फुटपाथ आहे. फुटपाथवर माणूस दम खायला टेकतो, मागे पडलेल्या मुलाची वाट पाहतो, गिटार वाजवतो, पत्रकं वाटतो. याच स्ट्रिपवर ‘व्हेनिशियन’ हॉटेलसमोरच्या पदपथाचा खटला झाला होता. जमीन हॉटेलच्या मालकीची असली तरी तो सार्वजनिक पदपथच आहे, तिथे निदर्शनं करता येतात, असं केंद्रीय अपील न्यायालयाने 2001 साली ठरवलं. जमिनीवरच्या पदपथाला जे लागू, ते सहा मीटर वर गेल्यावर का बदलावं?

मुंबईचा अनुभव वेगळ्या अंगाने बोलका आहे. ‘एमएमआरडीए’ने 2008मध्ये वांद्रे पूर्वेला शहरातला पहिला स्कायवॉक उघडला. खालचा रस्ता मात्र चालायला खुला होता, म्हणून पुष्कळ लोकांनी वर चढण्यापेक्षा खालचीच वाट धरली. हा स्कायवॉक 2019 साली धोकादायक म्हणून बंद झाला. व्हेगासमध्ये लोक पूल वापरतात कारण दुसरी वाट नाही, मुंबईत अनेकदा टाळतात कारण ती आहे. दुसरीकडे लंडनने ऑक्सफर्ड सर्कसच्या चौकात 2009 साली तिरकी क्रॉसिंग आखली, सगळ्या बाजूंची वाहनं एकदम थांबवली आणि माणसांना जमिनीवरूनच कुठूनही कुठेही जाऊ दिलं.

तुमच्या चौकात उद्या पादचारी पुलाचा प्रस्ताव आला, तर नगरसेवकाला आणि महापालिकेला दोन गोष्टी लेखी विचारा: खालची झेब्रा क्रॉसिंग राहणार का, आणि लिफ्ट बंद पडली तर किती दिवसांत, कुणाच्या खर्चाने दुरुस्त होणार. उत्तर मिळालं तर आम्हालाही जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात भुयारी मार्ग.