पोलादालाही उमर असते

प्रोसेस हाऊसमध्ये ओले टॉवेल वाळत घालायची नायलॉनची दोरी पहा. रोजचे वजन तेवढेच, दोरी तुटत नाही; पण काही महिन्यांत झोळ पडतो आणि तो आपोआप जात नाही. वीजकेंद्रातील पोलादाचेही असेच होते.

दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडी-आहेरवाडीला एनटीपीसीचे १३२० मेगावॉटचे केंद्र आहे. ६६० मेगावॉटचा पहिला संच सप्टेंबर २०१७ मध्ये आणि दुसरा मार्च २०१९ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाला. तिथली वाफ सहाशे अंशांच्या आसपास तापते, दाब २२१ बारच्या वर असतो. अशा स्थितीत पोलाद अगदी सावकाश ताणत, फुगत जाते. इंजिनिअर याला ‘क्रीप’ म्हणतात. धातूच्या कणांच्या सांध्यांवर बारीक पोकळ्या होतात, त्या रांगेत येतात आणि जुळल्या की भेग पडते. बाहेरून मात्र पाईप ठीकच दिसतो. तापमान ठरल्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी कायम जास्त राहिले, तर उमर जवळपास निम्मी होते.

म्हणूनच १९५० च्या भारतीय बॉयलर नियमावलीने ४०० अंशांवर चालणाऱ्या भागांसाठी एक लाख तासांनंतर उरलेले आयुष्य तपासण्याचा दंडक घातला. सोलापूरचा पहिला संच अखंड चालला असता, तरी एक लाख तास भरायला २०२९ उजाडेल.

तपासणीसाठी पाईप कापावाच लागतो असे नाही. एक जागा घासून चकचकीत करतात, तेजाब लावतात, प्लास्टिकच्या पातळ फितीवर ठसा घेतात आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सोबत कठीणपणा व व्यास मोजतात. ९ टक्के क्रोमियमच्या पोलादात मात्र पोकळ्या उशिरा दिसतात, त्यामुळे केवळ ठशावर भरवसा ठेवता येत नाही. तिथे वेल्डिंगच्या कडेची पट्टी सर्वांत नाजूक असते.

आपल्या धंद्याचा याच्याशी काय संबंध? रंगाईच्या बॉयलरमध्ये दहा किलो दाबाला वाफ सुमारे १८४ अंश असते. एवढ्यावर क्रीपची भीती नाही. पण जड पाण्याच्या क्षारांचा थर नळीत बसला की नळीला पाण्याचा गारवा मिळत नाही, ती लाल होऊन फुगते व फुटते. समोर उभा असतो तो आपला कारागीर.

तेव्हा जुना बॉयलर घेताना भावाआधी त्याची कागदपत्रे, वय आणि तपासणीचे दाखले पहा. पंचवीस वर्षे झालेल्या बॉयलरची आयुष्य-तपासणी झाली आहे का, हे विचारा. दाखला नसेल तर सौदा कितीही स्वस्त असो, तो सोडलेलाच बरा.