पावसावाचून जगणारी राजधानी : पेरू देशातील लिमा

मृग कोरडा गेला की आपल्या पोटात गोळा येतो. पण दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाची राजधानी लिमा येथे वर्षभरात २५ मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. पायाशी प्रशांत महासागर, तरी मुलूख वाळवंटाचा! किनाऱ्यालगत वाहणारा हंबोल्ट नावाचा थंड सागरी प्रवाह हे त्याचे कारण. त्यामुळे हवा खालून गार होते, ढग दाटतात, पण बरसत नाहीत. जून ते सप्टेंबर नुसते धुके आणि भुरभुर. अशा जागी आज सुमारे १ कोटी लोक राहतात.

स्पेनच्या फ्रान्सिस्को पिझारोने १५३५ साली रिमाक नदीकाठी हे शहर वसविले. जुना चौक, कॅथेड्रल आणि घरांचे कोरीव लाकडी सज्जे पाहण्याजोगे आहेत. मिराफ्लोरेस भागात वाका पुक्याना हा सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा मातीचा उंच चौथरा आहे. त्याच्या कच्च्या विटा फळीवरील पुस्तकांप्रमाणे उभ्या रचलेल्या आहेत. भूकंपात त्या जरा हलतात, पण भिंत ढासळत नाही.

१९२६ साली स्थापन झालेल्या लार्को संग्रहालयात मका, बटाटा यांच्या आकाराची प्राचीन मडकी आहेत. बटाट्याचे माहेर हेच! पोर्तुगिजांनी तो आपल्याकडे आणला आणि नावही त्यांच्याच भाषेतून आले. शहरालगत ला मोलिना येथे १९७१ पासून आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे. तेथे बटाट्याचे हजारो वाण जपून ठेवले आहेत. हा नुसता छंद नव्हे. आयर्लंडमध्ये गरिबांचे पोट मोजक्याच वाणांवर अवलंबून होते. १८४५ पासून करप्याने पीक बुडाले आणि सुमारे १० लाख माणसे दगावली.

आता पाण्याकडे वळू. शहरामागे अँडीज पर्वत आहे. तेथे डिसेंबर ते मार्च पाऊस पडतो. डोंगरातील गावांनी इंका राजवटीच्याही आधीपासून ‘अमुना’ नावाचे दगडी चर काढले. ओढ्याचे पुराचे पाणी या चरांनी उतारावर नेऊन मुरवायचे. तेच पाणी काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, खालच्या झऱ्यांना फुटते आणि कोरड्या दिवसांत शेताला व नदीला मिळते. मध्यंतरी देखभालीवाचून पुष्कळ चर बुजले. अलीकडे त्यांची दुरुस्ती सुरू झाली असून शहराच्या पाणीपट्टीतील काही हिस्सा वरच्या पाणलोटासाठी राखून ठेवला जातो.

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा आपल्या भिंतींवर रंगविलेली असते. लिमाच्या डोंगरातील शेतकऱ्यांनी ती शेकडो वर्षे कुदळीने राबविली. आपल्या शिवारातील चर गाळाने भरले असतील, तर पावसाळ्यापूर्वी ते मोकळे करावेत. चर एकदा खणून भागत नाही, दरसाल उपसावा लागतो.