ईमॅक्स का गोठतो?

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर हमखास ऐकू येतं, "अरे, ईमॅक्स हँग झाला!" शिव्या बिचाऱ्या मेमरीला पडतात. मला विचाराल तर गुन्हेगार बहुधा एकच लांबलचक ओळ असते. शेल बफरमध्ये हजारो छोट्या ओळी तो निमूट पचवतो. पण एखाद्या कमांडने मध्ये एकही एंटर न देता काही एमबी ओतले, की कुठलं अक्षर स्क्रीनवर कुठे पडणार हे ठरवायला तो ओळीच्या सुरुवातीपासून मोजत बसतो. कर्सर हलवला की पुन्हा! 2023 मध्ये आलेल्या 29व्या आवृत्तीत हे बरंच सुधारलं, पण आपल्या लॅबमध्ये अजून जुनीच आहे. तेव्हा आउटपुट 'फोल्ड'मधून सोडा, ओळी 80 अक्षरांवर तुटतात. आणि गोठलाच, तर लगेच 'किल -9' नको. साध्या 'किल'वर ईमॅक्स जाता जाता ऑटोसेव्ह करायला बघतो, -9 तेवढीही सवड देत नाही.