हा आलेख गायकाचा, टेपचा की माझ्या बोटाचा?

लयीवर काम सुरू केल्यावर पहिल्या वर्षी मी गाईड मॅडमना एक आलेख दाखवला होता. बडा ख्याल, विलंबित एकताल, जुनी कॅसेट. आडवा अक्ष वेळेचा, उभा अक्ष मिनिटाला किती मात्रा याचा. रेषा डावीकडून उजवीकडे इतकी सुरेख, हळूहळू चढत होती की मी शीर्षकही ठरवून टाकलं होतं: "लय टप्प्याटप्प्याने नव्हे, नकळत वाढते." मॅडमनी दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "तानपुरा मोजलास का?"

मोजला नव्हता. तुम्हीही ध्वनिमुद्रणातली लय मोजणार असाल, तर ही चूक माझ्या खात्यावर राहू द्या.

आधी साधी गोष्ट, लय मोजायची कशी. सॉनिक व्हिज्युअलायझर आणि ऑडॅसिटी, दोन्ही फुकट मिळतात. पहिल्यात 'टाइम इन्स्टंट्स'चा लेयर घ्या, रेकॉर्डिंग चालू करा आणि हव्या त्या क्षणी अर्धविरामाची कळ (;) दाबा. ऑडॅसिटीत हेच काम कंट्रोल आणि एम दाबून लेबल टाकून होतं. मग वेळांची यादी बाहेर काढायची, एक्सेलमध्ये वजाबाकी करायची, झालं. आपोआप ठोके शोधणारे प्लगइन आहेत, पण विलंबित ख्यालात त्यांच्या भरवशावर राहू नका. ते बहुतेक पाश्चात्त्य, नाचता येण्याजोग्या संगीताच्या वेगासाठी बनलेत. चार सेकंदांची एक मात्रा त्यांच्या कल्पनेतच बसत नाही. मग ते मधल्या भरीच्या बोलांनाच ठोके समजून मोजत सुटतात.

मी सुरुवातीला प्रत्येक मात्रेवर कळ दाबत होते. करू नका. विलंबितात दोन मात्रांमधलं अंतर इतकं मोठं असतं की बोट अंदाजाने पडतं. फक्त सम धरा. खात्रीसाठी चौथ्या आणि दहाव्या मात्रेवरचा 'तिरकिट' ऐका, म्हणजे आवर्तनात आपण कुठे आहोत हे चुकत नाही. आणि सम कोणाची, हे आधीच लिहून ठेवा. गायक कधी समेच्या जरा पुढे-मागे येतो, तेच तर त्याचं सौंदर्य. मी तबल्याची धरते.

आता हिशोब. एकतालाचं आवर्तन ४८ सेकंदांचं असेल तर मात्रा ४ सेकंदांची, म्हणजे मिनिटाला १५. तुमचं बोट प्रत्येक समेला ०.०५ सेकंद इकडे-तिकडे पडलं, तर दोन टोकं मिळून जास्तीत जास्त ०.१ सेकंदाची चूक. ४८ मध्ये ०.१ म्हणजे ०.२ टक्का, सोडून द्या. पण द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांचा असेल तर एक मात्रा पाव सेकंदाची. तिथे मात्रा-मात्रा मोजलीत तर तेच ०.१ सेकंद म्हणजे ४० टक्के! आवर्तन धरलंत (१६ मात्रा, ४ सेकंद) तर २.५ टक्के. बोट तेच, चूकही तेवढीच. काय मोजायचं ठरवलं, त्यावर तिचं वजन ठरतं.

बोटाची चूक ओळखायची एक खूण आहे. एक सम उशिरा दाबली की आधीचं आवर्तन लांबतं आणि पुढचं तेवढंच आखडतं. आलेखावर वर-खाली करवतीचे दात दिसले की तो तुमचा हात. लय खरंच वाढली तर ती पुढच्याच आवर्तनात परत फिरत नाही. (तुम्ही नेहमीच सारख्या उशिरा दाबत असाल तर काही बिघडत नाही, वजाबाकीत ते निघून जातं.) तीन वेगळ्या दिवशी, आधीचा लेयर लपवून, पुन्हा दाबा आणि मधली किंमत घ्या. मी शनिवार पेठेत राहते. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोलांचा सराव सुरू झाला की संध्याकाळी दाबलेल्या समा चक्क ढोलाकडे ओढलेल्या असायच्या. हेडफोन असूनही. त्या फेऱ्या तशाच ठेवल्यात, पण वापरल्या नाहीत.

ही बोटाची गोष्ट. माझा सुंदर आलेख मात्र बोटाने बिघडवला नव्हता, तिथे करवतीचे दात नव्हतेच. तो टेपने बिघडवला होता.

टेप डेक जोरात पळाला की दोन गोष्टी एकदम होतात: लय वाढते आणि स्वर चढतो, दोन्ही त्याच प्रमाणात. साधारण ६ टक्के वेग वाढला तर पट्टी एका अर्ध्या स्वराने वर जाते. आपल्या संगीताची कृपा अशी की प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये तानपुरा सतत वाजत असतो, म्हणजे घड्याळ आतच ठेवलेलं आहे. स्पेक्ट्रोग्राम उघडून षड्जाची वारंवारता सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वाचा. मूळ स्वरापेक्षा त्याचा वरचा स्वरांश, पाचवा किंवा आठवा, वाचून भागाकार करा, आकडा जास्त बारीक मिळतो.

माझ्या कॅसेटवर षड्ज सुरुवातीला १३८ हर्ट्झ होता आणि वीस मिनिटांनी १४२. म्हणजे सुमारे ३ टक्के चढ, जवळजवळ पाव स्वर. इतक्या सावकाश की कानाला काही कळलं नाही. याच वीस मिनिटांत आवर्तन ४८ वरून ४६.६ सेकंदांवर आलं होतं. ४६.६ ला १४२/१३८ ने गुणा. ४७.९५ येतात. माझा "नकळत वाढ"चा शोध डेकचा होता.

तानपुऱ्याची तारही उष्म्याने हलते, हा आक्षेप बरोबर आहे. म्हणून मी पेटीही बघितली. तीही तेवढीच चढली होती, आणि पेटी वीस मिनिटांत आपणहून चढत नाही. पार्श्वभूमीचा विजेचा गुंजारवही ५० हर्ट्झच्या हिशोबाने तपासता येतो, पण आपल्याकडे जुन्या काळी ग्रिडची वारंवारताच बरीच हलत असे, म्हणून त्याला मी साक्षीदार मानते, न्यायाधीश नाही. ७८ च्या तबकड्यांवर काम करणाऱ्यांनी तर जास्तच जपा. सुरुवातीच्या तबकड्या सगळ्या नेमक्या ७८ फेऱ्यांनीच मुद्रित झाल्या नव्हत्या.

दुरुस्तीनंतर आलेख पूर्ण बदलला. पहिली वीस मिनिटं सपाट. मग गायकाने बोलअंगाकडे वळताना एक उडी, पुन्हा सपाट, पुन्हा उडी. पायऱ्या. मी आधी चालती सरासरी लावून रेषा गुळगुळीत केली होती, त्यातच याही पायऱ्या विरघळल्या होत्या. त्यामुळे सरासरी लावायचीच असेल तर सर्वांत शेवटी लावा, आणि कच्चे आकडे शेजारी दाखवा. संपूर्ण मैफलीची एकच 'सरासरी लय' तर देऊच नका, ती लय कोणी गायलेलीच नसते.

गायकाची मूळ पट्टी माहीत नसेल, तर "मिनिटाला १५ मात्रा" असं छातीठोक लिहू नका. "पहिल्या टप्प्यापेक्षा दुसरा इतका टक्के जलद" एवढं लिहा. गुणोत्तर टेपच्या एकूण वेगाने बदलत नाही, फक्त मधे हलणाऱ्या वेगाने बदलतं, आणि ते आपण काढून टाकलंय.

रमणबागेच्या मैदानावर वर्षानुवर्षं सवाई गंधर्व महोत्सव रंगला, तिथे ऐकलेल्या पिढीच्या घरोघरी अशा कॅसेट अजून पडून आहेत. तुमच्याही घरी असेल एखादी. डिजिटाइझ करताना फाइलच्या नावात डेक कोणता, कोणत्या दिवशी, कॅसेटची कोणती बाजू, हे लिहा. माझ्या एक्सेलमध्ये आता प्रत्येक समेपुढे तीन रकाने आहेत: दाबलेली वेळ, तिथला षड्ज, दुरुस्त वेळ. पहिल्या रकान्याला मी कधी हात लावत नाही. तो जुना आलेखही ठेवलाय, शीर्षकासकट.