शेवळांसोबत काकडं हवीतच!

पहिला पाऊस पडला की वसई-विरारच्या बाजारात आदिवासी मावश्यांच्या टोपल्यांत शेवळं ही रानभाजी दिसू लागते. शेजारी काकडांचा, म्हणजे आंबट रानफळांचा, वाटा असतो, तोही घ्याच! शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनीच घसा खाजतो. म्हणून आंबट काकडं किंवा चिंच घालून भाजी नीट शिजवायची.

टाकळ्याचा कोवळा पालाही सोडू नका. त्याच्या बियांत क्रायसोफॅनॉलसारखी अँथ्राक्विनोन वर्गातली द्रव्यं असतात. नायट्यावर टाकळ्याचा लेप तर फार जुना.

आणि अशा रानभाज्यांचा अँटिऑक्सिडंट गुण मोजतात कसा? डीपीपीएच या मुक्त मूलकाच्या जांभळ्या द्रावणात वनस्पतीचा अर्क घालतात. ही मूलकं शमली की जांभळा रंग पिवळा पडतो. किती सुंदर चाचणी! पण ती परीक्षानळीतली. तेवढ्यावरून अर्क औषध म्हणून पिऊ नका. भाजी मात्र जाणत्या मावशीकडून घ्या आणि मनसोक्त खा.